कावळा बसला म्हणून फांदी मोडली?

काही वर्षांपूर्वी घरातल्या एकाच्या रक्ततपासणीचा निकाल फोनवर कळायचा होता. त्याआधीच्या खेपेला निकाल चांगला आला तेव्हा माझा मोबाईल टेबलावर पालथा पडलेला होता, सहज, कसाही. या खेपेला मी तो मुद्दाम पालथा ठेवला. कोणी पाहत नाही ना, तेही एकदा बघून घेतलं. पालथा मोबाईल आणि प्रयोगशाळेतली काचेची नळी यांचा काडीचाही संबंध नाही, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. तरी तो सुलटा करायला हात धजेना.

हा नियम मला कोणी शिकवला नव्हता. त्यामागे परंपरा नव्हती, पोथी नव्हती, सांगणारा बुवा नव्हता. एका प्रसंगात तो जन्माला आला आणि दुसऱ्या प्रसंगी हुकूम सोडू लागला. अंधश्रद्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नेहमी दुसरं कोणीतरी येतं: कमी शिकलेलं, भाबडं, घाबरलेलं. म्हणून सुरुवात स्वतःपासून केली. आता कबुतरांकडे जाऊ.

आठ कबुतरं आणि एक चप्पल

१९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आठ भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग केला. कबुतराच्या पेटीत दाण्यांचं भांडं ठरावीक वेळाने, बहुतेक वेळा दर १५ सेकंदांनी, आपोआप पुढे येई आणि थोड्या वेळाने मागे जाई. कबुतराने काय केलं नि काय नाही, याच्याशी त्या भांड्याला देणंघेणं नव्हतं. पक्षी नुसता बसून राहिला असता तरी दाणे मिळालेच असते. पण आठांपैकी सहा जण नुसते बसले नाहीत. एक कबुतर दोन घासांच्या मध्ये घड्याळाच्या उलट दिशेने दोन-तीन गिरक्या घेऊ लागलं. एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसू लागलं. दोघं लंबकासारखी झुलू लागली.

स्किनरचं म्हणणं असं: पहिल्यांदा दाणे आले तेव्हा पक्षी काही ना काही करत होताच, समजा मान वळवत होता. दाणे मिळाले, म्हणून मान वळवणं वाढलं. ते वाढलं, म्हणून पुढच्या वेळी दाणे येताना नेमकं तेच चाललेलं असण्याची शक्यता वाढली. चक्र सुरू झालं आणि पक्ष्याच्या लेखी 'मी फिरलो म्हणून दाणे आले' हे सिद्ध झालं. पुढे दाणे बंद केल्यावर तरी ही लकब चटकन सुटावी की नाही? एका कबुतराने ती सोडण्याआधी दहा हजारांहून जास्त वेळा करून पाहिली.

या प्रयोगावर आक्षेप आहेत. १९७१ साली जॉन स्टॅडन आणि व्हर्जिनिया सिमेलहॅग यांनी तो बारकाईने पुन्हा केला. त्यांना दिसलं की यातल्या बऱ्याच हालचाली म्हणजे खाण्याची वाट पाहणारा पक्षी एरवीही करतो तीच चुळबुळ असते. मला हा आक्षेप बराचसा पटतो. कबुतराच्या मनात काय चाललं होतं, ते कबुतरालाच ठाऊक. पण पेटीत माणूस ठेवला तर?

कोइची ओनो या जपानी संशोधकाने ते करून पाहिलं आणि १९८७ साली प्रसिद्ध केलं. महाविद्यालयातले २० विद्यार्थी, प्रत्येकजण एका छोट्या खोलीत एकटा. समोर टेबलावर तीन दांडे, रंगीत दिवे आणि गुण दाखवणारा आकडा. जमतील तेवढे गुण मिळवा, एवढंच सांगितलेलं. कसे, ते सांगितलेलं नाही, कारण 'कसे' असं काही नव्हतंच. गुण आपले आपण वाढत होते. बहुतेकांनी दांडे या ना त्या क्रमाने ओढून पाहिले. एका मुलीची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली. दांडे ओढणं थांबवून तिने सहज दांड्यांच्या चौकटीवर हात ठेवला, आणि एक गुण वाढला. मग ती टेबलावर चढली, आकड्याच्या खोक्याला हात लावला, आणखी एक गुण. तिने खोलीतल्या सगळ्या वस्तूंना हात लावायचा सपाटा लावला: दिवा, पडदा, पडद्यावरचा खिळा, भिंत. मग टेबलावरून खाली उडी मारली आणि नेमका त्याच क्षणी गुण मिळाला, तेव्हा हात लावणं मागे पडलं आणि उड्या सुरू झाल्या. पाचेक उड्यांनंतर हातात चप्पल घेऊन उडी मारली असता चप्पल छताला लागली, आणि गुण मिळाला. त्यानंतर ती चपलेने छताला शिवत राहिली. प्रयोग सुरू होऊन साधारण २५ मिनिटं झाल्यावर ती थांबली. बहुधा दमली असावी, असं ओनो लिहितो.

ती मुलगी मठ्ठ होती का? उलट, खोलीतली सगळ्यात मेहनती शास्त्रज्ञ तीच होती. अंदाज बांधत होती, करून पाहत होती, निकाल आला की अंदाज सुधारत होती. एकच प्रश्न तिने विचारला नाही: मी काहीच केलं नाही तर काय होईल?

आपल्याकडे या घोटाळ्याला फार जुनं नाव आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण सहज म्हणतो. संस्कृतात हाच काकतालीय न्याय. तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. गंमत अशी की ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच्या फांदीसाठी वापरतो.

गवतातली सळसळ

अशी चूक करणारा मेंदू टिकला तरी कसा, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर जमाखर्चात आहे. गवतात सळसळ झाली. वारा असेल, नाहीतर जनावर असेल. वारा असताना जनावर समजून पळालात, तर थोडी धाप लागेल. जनावर असताना वारा समजून थांबलात, तर पुन्हा चूक करायची संधी मिळणार नाही. दोन्ही चुकाच, पण एकीची किंमत पळापळ आणि दुसरीची जीव. अशा व्यवहारात जो मेंदू थोडा जास्त घाबरतो आणि नसलेले संबंधही जोडतो, तोच पुढच्या पिढीला जन्म देतो. एकदा खाऊन पोट बिघडलं की तो पदार्थ वर्षानुवर्षं नकोसा वाटतो, ते याच यंत्रामुळे. हे यंत्र आहे म्हणून आपण एका अनुभवातून शिकतो. त्याला मधूनच बंद करायचं बटण मात्र दिलेलं नाही, आणि जिथे शिकण्यासारखं काही नसतं तिथेही ते चालूच राहतं.

त्यात आणखी एक अडचण. योगायोग कसा दिसतो, याची आपल्याला मुळात नीट कल्पनाच नाही. आपल्याला वाटतं, निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी सारख्या पसरलेल्या दिसतील, पेरणी केल्यासारख्या. प्रत्यक्षात त्या गुच्छागुच्छाने येतात. १९४४ साली जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब लंडनवर पडू लागले, तेव्हा लोकांना दिसत होतं की ठरावीक वस्त्यांवर ते वारंवार पडतायत आणि काही वस्त्या जणू वगळल्या जातायत. वगळलेल्या भागात शत्रूचे हेर राहत असणार, असंही बोललं जाई. युद्धानंतर आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला, त्याचे सारखे ५७६ चौकोन पाडले आणि प्रत्येकात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण बॉम्ब ५३७. नेम न धरता, डोळे झाकून मारा केला असता तर किती चौकोन कोरे राहिले असते? गणित सांगतं, सुमारे २२७. प्रत्यक्षात कोरे होते २२९. एकच बॉम्ब पडलेले चौकोन अपेक्षेप्रमाणे २११ हवेत, होते २११. दोन बॉम्बचे सुमारे ९९ हवेत, होते ९३. तीनचे ३१ हवेत; होते ३५. चारचे ७ हवेत आणि ७ च होते.

त्या कोऱ्या २२९ चौकोनांत राहणाऱ्यांकडे आपण वाचलो त्याची काही ना काही कारणं असणारच. आणि ज्यांच्या चौकोनात चार बॉम्ब पडले, त्यांच्याकडेही.

याच गैरसमजाची उलटी बाजू जुगाराच्या टेबलावर दिसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. पंधराव्या-सोळाव्या वेळेनंतर लोक पैसे घेऊन धावले ते लाल रंगावर लावायला: आता तरी लाल यायलाच हवा! चाकाला मागचं काही आठवत नसतं. आठवतं ते माणसाला.

बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?

आठवण्यावरून आठवलं. सिसेरो या रोमन लेखकाने डायागोरस नावाच्या नास्तिकाचा किस्सा सांगितला आहे. सॅमोथ्रेस बेटावर एका मित्राने त्याला देवाला वाहिलेली चित्रं दाखवली. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांनी ती लावली होती. बघ, इतके लोक वाचले! डायागोरस म्हणाला, खरं आहे, पण जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत.

माझ्या दृष्टीने अंधश्रद्धेविषयी एवढं समजलं तरी अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो. माझा पालथा मोबाईलच घ्या. त्याचा खरंच परिणाम होतो का, हे पाहायला चार रकाने भरावे लागतील. मोबाईल पालथा आणि बातमी चांगली. पालथा आणि वाईट. सुलटा आणि चांगली. सुलटा आणि वाईट. चारही आकडे हातात आले तरच काही बोलता येईल. मन भरतं फक्त पहिला रकाना. दुसऱ्या रकान्यात काही आलंच तर त्याला सबब तयार असते (नीट पालथा नव्हता, कव्हरची कड उचललेली होती). तिसरा-चौथा रकाना तर आयुष्यातल्या हजारो साध्या फोनांचा, ते कोण लक्षात ठेवतो?

यात शिकलेल्यांना सवलत नाही. ताप, न्यूमोनिया आणि इतर कशावरही शीर उघडून रक्त काढणं हा युरोपातल्या उत्तमोत्तम वैद्यांचा दोन हजार वर्षं चाललेला उपाय होता. ते खोटं बोलत नव्हते. रक्त काढल्यावर रोगी बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दुखणं टोकाला गेलं की आपण वैद्याकडे धाव घेतो, आणि टोकाला गेलेली बरीच दुखणी त्यानंतर आपोआप उतरतात. श्रेय मध्ये जे काही केलं असेल त्याला जातं. पॅरिसच्या प्येर लुई या डॉक्टरने अखेर रकाने भरले. न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचे आकडे त्याने मांडले: पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्यांपैकी ४४ टक्के दगावले, उशिरा काढलेल्यांपैकी २५ टक्के. १८३५ साली त्याने हे पुस्तकरूपाने छापलं, आणि त्यानंतरही रक्त काढणं कित्येक दशकं चालूच राहिलं.

कौशल्य संपतं तिथे

आता वेगळा प्रश्न. हे यंत्र सगळ्यांकडे आहे, तर अंधश्रद्धा सगळीकडे सारख्या का नसतात? स्वयंपाक करताना, सायकल चालवताना, बूट घालताना आपण फारसे शकुन पाहत नाही. परीक्षा, खेळ, दुखणं, समुद्रप्रवास, पैशाचा सट्टा आला की मात्र पाहतो.

याचं सर्वांत नेमकं निरीक्षण ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. तिथले कोळी दोन प्रकारे मासेमारी करत. एक, प्रवाळांनी अडवलेल्या किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात, वनस्पतीचं विष कालवून. धोका नाही, आणि मासे हमखास. दुसरी खुल्या समुद्रात, जिथे मासे मिळतील की नाही ठाऊक नाही आणि माणूस परत येईल की नाही तेही नाही. मालिनोव्स्कीने टिपलं की शांत पाण्यातल्या मासेमारीला मंत्रतंत्र नाहीतच, आणि खुल्या समुद्रासाठी मात्र त्यांचं मोठं अवडंबर आहे. माणसं तीच होती, आणि अक्कलही तीच. होडी कशी बांधायची, वारा कसा ओळखायचा, यात ते पटाईत होते आणि ते कसब सोडून नुसत्या मंत्रावर भिस्त ठेवत नव्हते. हात पुरतो तिथवर हात, त्यापुढे मंत्र.

अमेरिकेत जॉर्ज मेल्च नावाचा एक बेसबॉल खेळाडू पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाला. आपल्या जुन्या सोबत्यांत त्याला १९७१ साली हीच बेटं सापडली. चेंडू फेकणारे आणि फटके मारणारे खेळाडू तोडग्यांनी वेढलेले: न धुतलेले मोजे, पाऊल टाकायचा ठरलेला क्रम, ठरलेला रस्ता. क्षेत्ररक्षण करताना मात्र तोडगे जवळजवळ नाहीत. कारण फटका मारणाऱ्याला दहातल्या तीन खेपा जमलं तरी तो मोठा खेळाडू ठरतो. क्षेत्ररक्षकाला शंभरात सत्त्याण्णवच्या आसपास जमतंच.

अनिश्चितता वाढवली की अंधश्रद्धा वाढते, हेही दिसलं आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इस्राएलवर क्षेपणास्त्रं पडत होती. जिओरा केनान यांनी मारा होणाऱ्या आणि न होणाऱ्या गावांतल्या लोकांना तेच प्रश्न विचारले. माऱ्याखालच्या लोकांत तोडग्यांवरचा भरवसा जास्त आढळला.

अशा वेळी तोडगा नेमकं काय देतो? काहीतरी करायला देतो. वाट पाहणं, आणि त्यात आपला काहीच हात नसणं, माणसाला सोसत नाही. एलन लँगर यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एक डॉलरची लॉटरीची चिठ्ठी विकली. काहींना चिठ्ठी निवडू दिली, काहींच्या हातात एक ठेवली. मग ती परत विकत मागितली. हातात ठेवलेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. स्वतः निवडलेल्यांनी ८.६७. चिठ्ठीला कोणी उचललं ते सोडतीला कळत नसतं. पण मी निवडली म्हटल्यावर तिच्यात माझा हात आला.

दुसऱ्याची ती अंधश्रद्धा

इथवर मी 'अंधश्रद्धा' हा शब्द बिनधास्त वापरत आलो. तो इतका साधा नाही. त्यात 'अंध' आधीच बसलेला आहे, म्हणजे खटला चालण्याआधीच निकाल. स्वतःच्या समजुतीला कोणी हा शब्द लावत नाही.

रोमन लोकांचा त्यासाठीचा शब्द होता 'सुपर्स्टिशिओ'. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा प्रांताधिकारी सम्राट ट्रेजनला पत्रातून कळवतो की ख्रिस्ती लोकांची चौकशी केली, त्यात विकृत आणि बेसुमार सुपर्स्टिशिओखेरीज काही सापडलं नाही. सव्वादोनशे वर्षांनी राज्य ख्रिस्ती सम्राटांच्या हाती होतं, आणि ३४१ साली जुन्या देवांचे यज्ञ बंद करणारा कायदा निघाला. त्याची सुरुवातच 'सुपर्स्टिशिओ थांबली पाहिजे' अशी. शब्द तोच राहिला, खुर्ची बदलली होती.

मग याला काही व्याख्या आहे की ही नुसती शिवी? मला वाटतं व्याख्या आहे, पण ती 'चुकीची समजूत' एवढी ढोबळ नको. दूषित हवेने पटकी होते, असं एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर मानत. ते चुकीचं होतं. पण ती अंधश्रद्धा नव्हती, कारण त्या समजुतीला प्रश्न विचारता येत होता. १८५४ साली जॉन स्नो यांनी लंडनच्या एका पाण्याच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून विचारला, आणि वेळ लागला तरी समजूत बदलली. फरक पडतो तो तपासणीला दार उघडं आहे की बंद, याने.

दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाने अंधश्रद्ध माणसाचं एक चित्र रंगवलं आहे. आडवं मांजर जातं तसं त्याला मुंगसासारखं दिसणारं एक जनावर आडवं गेलं, तर दुसरं कोणी वाट ओलांडेपर्यंत, नाहीतर स्वतः तीन दगड पलीकडे टाकेपर्यंत, हा पाऊल उचलत नाही. उंदराने पिठाची पिशवी कुरतडली, की हा शकुन सांगणाऱ्याकडे जातो. सांगणारा म्हणतो, चांभाराकडे नेऊन शिवून घे. हा घरी येऊन शांतीचा विधी करतो. थिओफ्रास्टसने शकुन सांगणाऱ्याला शहाणं दाखवलंय, ही मला त्यातली सर्वांत मोठी खुबी वाटते. खुलासा हातात मिळाला होता, आणि तोही ज्याच्यावर विश्वास त्याच्याकडूनच. ऐकून घ्यायला मात्र घरी कोणी नव्हतं.

कळतं, पण वळत नाही

पण माझ्या मोबाईलचं दार तर उघडं होतं. मला ठाऊक होतं, मी मान्यही करत होतो. तरी हात धजला नाही. हे काय आहे?

पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुमच्यासमोर दोन रिकाम्या बाटल्या. तुमच्या डोळ्यांदेखत दोन्हींत दुकानातली साखर ओतली. तुमच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या: एकीवर 'साखर', दुसरीवर 'सोडियम सायनाइड', म्हणजे जालीम विष. कोणती चिठ्ठी कुठल्या बाटलीला लावायची ते तुम्हीच ठरवा. मग दोन्हींतली साखर पाण्यात घालून एकेक घोट प्या. लोक सायनाइडच्या बाटलीला कचरले. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावलेली असूनही! पुढे त्यांनी चिठ्ठीवर 'सोडियम सायनाइड नाही' असं लिहून पाहिलं. तरी लोक कचरले.

डोकं एक म्हणतं आणि हात दुसरं करतो. जेन रायझन यांनी २०१६ साली याची छान फोड केली. आपण समजत होतो की पहिला आवाज भाबडा असतो आणि दुसरा, विचारी आवाज त्याची चूक पकडतो. चूक पकडली की ती दुरुस्त होणारच. रायझन म्हणतात, चूक पकडणं आणि ती दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं होऊन दुसरं राहू शकतं. विशेषतः तोडगा फुकट असला आणि न केल्यास होणारी चुटपुट महाग असली तर. मोबाईल पालथा ठेवायला काय लागतं? सुलटा ठेवला आणि बातमी वाईट आली तर?

म्हणून शेंगदाण्यांची गोष्ट मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने चंद्राकडे पाठवलेली रेंजर मालिकेतली पहिली सहाही यानं फसली होती. जुलै १९६४ मध्ये सातवं निघालं, तेव्हा ताण हलका व्हावा म्हणून एकाने नियंत्रणकक्षात शेंगदाणे वाटले. यान चंद्रावर नेमकं आदळलं. तेच त्याचं काम होतं. तेव्हापासून तिथे मोठ्या मोहिमांच्या वेळी शेंगदाणे असतात. कक्षेचं गणित अनेक दशांश स्थळांपर्यंत करणारी ही माणसं आहेत. शेंगदाण्याने यान चालत नाही, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला कळणार? त्यांनी गणित सोडून शेंगदाणे धरलेले नाहीत. मालिनोव्स्कीच्या कोळ्यांसारखंच: हात पुरतो तिथवर हात.

बिल कोण भरतं?

मग असू द्यावं की, काय बिघडलं? तोडग्याने निदान आत्मविश्वास वाढतो, असंही सांगतात. २०१० साली जर्मनीत २८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग यासाठी पुढे केला जातो. 'हा नशीबवान चेंडू आहे' असं सांगून गोल्फचा चेंडू दिलेल्यांनी दहापैकी सरासरी ६.४२ चेंडू खड्ड्यात घातले, बाकीच्यांनी ४.७५. बातमी जगभर फिरली. २०१४ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तोच प्रयोग जास्त माणसं घेऊन दोनदा केला, आणि काहीही फरक दिसला नाही. ही दुसरी बातमी फारशी फिरली नाही. रकाने, पुन्हा तेच रकाने.

माझं मत असं, की अंधश्रद्धा खरी की खोटी यावर भांडण्याआधी तिचं बिल कोणाच्या नावावर फाटतं, ते पाहावं. शेंगदाण्याचं बिल खाणारा भरतो. उपचार सोडून तोडगा केला तर आजारी माणूस भरतो, आणि तोडगा करणारा बहुधा दुसराच असतो. सर्वांत वाईट म्हणजे, कारण शोधणारं यंत्र दुर्दैवाचं कारण म्हणून एखाद्या माणसावर बोट ठेवतं तेव्हा. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून ४० ते ६० हजार माणसांना मारलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या.

यातली एक शेवटच्यांपैकी. स्वित्झर्लंडच्या ग्लारूसमध्ये ॲना गोल्डी नावाची मोलकरीण एका प्रतिष्ठित घरात कामाला होती. त्या घरातल्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या, पुढे मुलगी आजारी पडली, तिचा पाय जायबंदी झाला. संशय ॲनावर. तिला पकडून आणलं आणि आधी मुलीला बरं करायला लावलं. मुलीचा पाय सुधारला. आता सुटका व्हावी ना? उलट, बरं करता आलं म्हणजे बिघडवलंही तिनेच असणार, असा अर्थ लावला गेला. मग छळ, आणि छळाखाली सैतानाशी करार केल्याची कबुली.

हे १७८२ साल आहे. युरोपात चेटकाचे खटले तोवर लाजिरवाणे झाले होते, आणि ते ग्लारूसच्या न्यायाधीशांनाही ठाऊक होतं. म्हणून निकालपत्रात त्यांनी चेटूक हा शब्द येऊ दिला नाही. तिला विषप्रयोग करणारी म्हटलं. जिच्यावर विषप्रयोग झाला म्हणतात ती मुलगी जिवंत होती. १३ जून १७८२ रोजी तलवारीने ॲनाचं डोकं उडवलं. २००८ साली ग्लारूसच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं.